बारा वाव खाली

“दाजी, पोट आत घ्या.”

मी पोट आत घेतलं. लुमानं गाठ आवळली.

“अजून घ्या.”

“अरे, आता आत घ्यायला नुसती पाठ उरलीय.”

मागे दोर धरायला बसलेल्या चौघांतलं कोणी हसलं नाही. मी बोललो आणि माणसं हसली नाहीत, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मला पहिली भीती वाटली ती त्याचीच. कड्याची भीती नंतर.

लुमा गभाले हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या सादडवाडीत मध काढायला घारकड्यावर उतरायचं असेल तर दोर धरतो तो उतरणाऱ्याचा मेव्हणा. सख्खा भाऊ चालत नाही, भावाभावांत शेताचा बांध असतो. बाप चालत नाही, त्याचे हात थकलेले असतात. मेव्हण्यानं दोर सोडला तर त्याच्याच बहिणीचं कुंकू पुसलं जातं, म्हणून तो धरतो. मागे ओढायला चार माणसं असतात, ती कोणीही चालतात. पहिला हात मात्र मेव्हण्याचा. मी दोनदा असा उतरलो होतो, दोन्ही वेळा दोर लुमाकडे, आणि दोन्ही वेळा मी खाली लटकून गाणं म्हटलं होतं. गावात विचारा. नाहीतर नका विचारू, ते वेगळंच काहीतरी सांगतील.

त्या दिवशी मात्र मी मधासाठी उतरत नव्हतो. मी गिधाडांची घरटी मोजायला उतरत होतो. आणि तिथं एकही घरटं नाही, हे फक्त मला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. आदल्या वर्षी पुण्याच्या केळशीकर बाई आमच्याकडे आल्या. तीन पायांची दुर्बीण, मोठी टोपी, जाडजूड वही. शाळेच्या खोलीत राहायच्या, दिवसभर रानात फिरायच्या. संध्याकाळी आम्हाला आमचाच डोंगर समजावून सांगायच्या. म्हणाल्या, हा डोंगर म्हणजे जमिनीच्या पोटातून वर आलेली आग. वितळलेला दगड आंबिलीसारखा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला, पुन्हा थिजला. कड्यावर आडवे काळे पट्टे दिसतात ते एकेका वेळचे. मधला तांबडा थर भाजून निघालेल्या मातीचा. तो मऊ असतो, झिजून आत जातो आणि त्याची पडवी तयार होते. गिधाडं तिथं अंडं घालतात.

मी आ वासून ऐकत होतो. एवढी मोठी थाप मी मारली असती तर गावानं मला डोहात बुडवलं असतं. बाईंचं मात्र लोक माना डोलावून ऐकत होते. ह्या कड्यावर बोटाएवढी एक पाल आहे, ती जगात दुसरीकडे कुठंच सापडत नाही, असंही त्यांनी सांगितलं. तेही पटलं लोकांना.

मला जरा हेवाच वाटला म्हणा ना.

गिधाडांचं बाईंना फार वाटायचं. आमच्या लहानपणी ढोर मेलं की घटकाभरात आभाळ काळं व्हायचं, संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. मग ती कमी कमी होत गेली. ढोरांना सुईतून कसलं औषध देतात, ते मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि ती मरतात, असं बाई सांगत. मेलेली ढोरं रानात तशीच सडायला लागली होती, एवढं आम्हीही बघत होतो.

“सोमाजी, तुम्ही कड्यावर उतरता म्हणे,” बाईंनी एकदा मला विचारलं. “तांबडा पट्टा बाहेरून दिसत नाही. समोरच्या डोंगरावरून दुर्बीण लावली तरी मधे कातळाचं नाकाड येतं. तुम्ही पाहिलंय कधी घरटं?”

त्यांनी मला चहा दिला होता. बरोबर दोन बिस्किटं. माणूस एवढ्या आशेनं आपल्याकडे बघायला लागला की मला राहवत नाही.

“अकरा,” मी म्हणालो.

“अकरा?”

“गेल्या साली अकरा होती. एका मादीला तर मी नावानं ओळखतो.”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वही काढली आणि माझ्या देखत लिहून घेतलं. माझ्या थापा माणसं ऐकतात, हसतात, घरी जाताना विसरतात. लिहून घेतलेली ही पहिलीच. घरी आल्यावर मी बायकोला, चांगुणेला, मोठ्या डौलात सांगितलं, तर ती म्हणाली, “लिवलं? मंग आता फेडा.”

तेव्हा खालच्या गावापासून आमच्या वाडीपर्यंत रस्ता मंजूर झाला होता. घारकड्याचा पायथा सुरुंगानं फोडून तो वर येणार होता. बाईंचा कागद कुठं कुठं गेला आणि काम थांबलं. कड्यावर अकरा घरटी आहेत, सुरुंग लावता येणार नाही. आलेल्या पत्रात माझं नाव होतं, पूर्ण, बापाच्या नावासकट.

ह्यात लुमा कुठं येतो, ते सांगतो. त्याची बायको हौसा बाळंतपणात अडली, तेव्हा आम्ही तिला डोलीत घालून दवाखान्यात नेत होतो. घारकड्याखालची पायवाट, तीन तासांची उतरण. पुढच्या दांडीला लुमा होता. तिसऱ्या वळणावर मागचं कण्हणं थांबलं म्हणून त्यानं वळून बघितलं. मी मागच्या दांडीला होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली. हे पत्र यायच्या दोन वर्षं आधीचं.

पत्र आल्यावर लुमा मला एक शब्द बोलला नाही. आमच्या घरचं पाणी प्यायचं मात्र त्यानं सोडलं. बहिणीला भेटायचा तो विहिरीवर.

आणि मग शहरातून साहेब आले. बरोबर केळशीकर बाई. शाळेपुढे अख्खी वाडी जमली. साहेबांनी सरळ सांगून टाकलं. कड्यावर एक जरी वापरातलं घरटं निघालं, तर रस्ता मागच्या खिंडीतून वळवायचा, आठ किलोमीटर जास्त, कागदपत्रं पहिल्यापासून, कधी होईल सांगता येत नाही. नाही निघालं, तर होळीनंतर सुरुंग. “आणि नाही निघालं,” माझ्याकडे बोट करून साहेब म्हणाले, “तर सरकारला खोटी माहिती दिली म्हणून ह्याच्यावर गुन्हा.”

“पण उतरून बघणार कोण?” कोणीतरी विचारलं.

“ज्यानं अकरा पाहिली तो.”

“आन् ह्यो वर येऊन काय सांगल, ते खरं कोन धरनार?”

ह्यावर सगळी वाडी हसली. मीही हसलो, सवयीनं.

तेव्हा लुमा पुढे आला. “दोर सांगंल,” तो म्हणाला. मग त्यानं साहेबांना आमची रीत सांगितली. कड्यावर आग्या मोहोळ असतं, आवाज झाला की उठतं, म्हणून उतरल्यावर कोणी बोलत नाही. खालचा माणूस जेवढी पोळी दिसतील तेवढ्या वेळा दोराला हिसका देतो. वरचा हातानं मोजतो आणि तेवढी भांडी तयार ठेवतो. “पोळ्याच्या जागी घरटं धरा. दाजी हिसकं देतील, मी मोजीन.”

“आणि तू खरं सांगशील?”

साहेबांना माहीत नव्हतं, म्हणून विचारलं. लुमा गभाले खोटं बोलत नाही. मी चांगुणेला बघायला गेलो होतो तेव्हा हा दहा वर्षांचा. सगळे गोडगोड बोलत असताना हा पुढे येऊन म्हणाला होता, “ताई भाकर जाड थापती.” सासऱ्यांनी त्याला तिथंच एक लगावली. तेव्हापासून तो तसाच आहे. आणि चांगुणा अजूनही भाकर जाडच थापते.

सगळ्यांनी मान डोलावली. बाईंनी आपला छोटा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. “जमलं तर एक फोटो घ्या सोमाजी. नाही जमलं तर नाही.”

तर असा मी कड्याच्या ओठावर उभा होतो. सकाळचे दहा वाजलेले. दोर जांभळीच्या बुंध्याला एक वेढा देऊन लुमाच्या कमरेमागून त्याच्या हातात. मागे चौघं. थोडं लांब, सावलीत, साहेब आणि बाई.

“पट्टा बारा वावांवर हाये,” लुमा म्हणाला. दोन्ही हात पसरले की एक वाव. “मोहोळ नाकाडाच्या पल्याड हाये. लई मोठं. खोकू नका, शिंकू नका.”

“बरं.”

तो गाठ तपासायला वाकला. त्याचं तोंड माझ्या कानाशी आलं.

“दाजी, येक इचारू?”

“विचार.”

“येक तरी बघितलंय का?”

त्या क्षणी मी एखादी थाप सहज मारू शकलो असतो. अकरा नाही, पण तीन तरी म्हणालो असतो. पण गाठीवर त्याची बोटं होती आणि पायाखाली तीनशे हात दरी होती.

“नाही,” मी म्हणालो. “एकपण नाही.”

लुमाची बोटं थांबली. मग त्यानं गाठ आणखी एकदा ओढली, सरळ झाला आणि म्हणाला, “उतरा.”

राग नाही, शिवी नाही. नुसतं उतरा. मी चांगुणेचा विचार केला. कुंकवाचा. रीत घालणाऱ्यानं सगळ्याचा विचार केला होता, पण मेव्हण्याची स्वतःची बायको त्या पायवाटेवर गेलेली असेल तर काय, ह्याचा केला नव्हता.

उतरताना पहिले चार वाव तोंडासमोर कातळ असतो. काळा, खरबरीत, त्यात गारगोट्यांची पांढरी भोकं. माणसानं कातळाकडे बघावं, खाली बघू नये. मी कातळाकडे बघत होतो आणि कातळ हलत होता. हलत होतो मीच. एका भेगेतून बोटाएवढी पाल बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, शेपटी उचलली आणि परत आत गेली. बाईंची ती जगावेगळी पाल हीच असणार. तिला सांगावंसं वाटलं, बये, जागा असेल तर सरक जरा.

सहा वाव. सात. दोर सारखा येत होता. लुमाचा हात असा की पाळण्यात ठेवल्यासारखं वाटावं. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. माणूस एवढ्या निवांत हातानं काय काय करू शकतो, ह्याचा मी विचार करत होतो.

आठव्या वावाला कड्याचं पोट सुटतं आणि खालचा भाग आत जातो. तिथून पाय टेकत नाहीत, माणूस नुसता लोंबकळतो आणि हळूहळू गोल फिरतो. एकदा कातळ, एकदा दरी, एकदा कातळ, एकदा दरी. दरीत खाली पायवाट दिसत होती, कोणीतरी नखानं ओढल्यासारखी. तिचं तिसरं वळणही दिसलं. मी डोळे मिटले आणि वाव मोजत राहिलो. नऊ. दहा. अकरा.

आणि माझ्या कानाजवळून काहीतरी सूं करून गेलं.

डोळे उघडले तेव्हा तो दगड खाली जात होता. चांगला नारळाएवढा. तो पडतच राहिला, पडतच राहिला. मग कुठंतरी नाकाडावर आपटल्याचा ठण् आवाज आला.

वरून दगड.

वर लुमा.

ओरडावं तर मोहोळ उठेल. आणि तेवढ्यात दोर सुटला. हातभर, दोन हात, पुरुषभर मी धाडकन खाली गेलो. बाईंचा कॅमेरा हनुवटीवर आपटला, त्याचा पट्टा तुटला आणि तो गेला. मला झटका बसला. दोर ताणला. थांबला.

थांबला तो थांबलाच.

मी फिरत होतो. कातळ, दरी, कातळ. कानांत एक गुंगाट सुरू झाला होता, आधी बारीक, मग वाढत वाढत गिरणीच्या पट्ट्यासारखा. माझं भीतीनं डोकं फिरलंय, असं मला वाटलं. दोराला हात लावून बघितला तर तो थरथरत होता. वर कोणीतरी दोराला काहीतरी करत होतं. सुरी असेल. दात असतील. मी चांगुणेची क्षमा मागितली, हौसाची मागितली, केळशीकर बाईंची मागितली. दोन बिस्किटं खाल्ली म्हणून बिस्किटांचीही मागितली.

पुढच्या फेरीला कातळ समोर आला तो काळा नव्हता, तांबडा होता.

मी पट्ट्यासमोर होतो. आत पडवीसारखी जागा, माणूस बसू शकेल एवढी उंच. तांबड्या मातीत पांढऱ्या विष्ठेचे ओघळ. काड्या, वाळलेला पाला, कुठल्या तरी ढोराच्या केसांचा पुंजका. आणि त्यावर एक पिल्लू.

आता तुम्ही म्हणाल, सोम्यानं मारली. मारली म्हणा. मी बघितलं ते सांगतो. कोंबडीहून मोठं, राखाडी पिसांचं, मान उघडी. इतकं कुरूप होतं की कोणालाही दया यावी. ते भिंतीला चिकटून बसलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. मी भीतीनं थरथरत होतो, तेही थरथरत होतं. कड्याच्या पोटात आम्ही दोघं समोरासमोर, हातभर अंतरावर.

माझा पाय पट्ट्याच्या कडेला टेकला. माती ढासळली. पिल्लानं मान पुढे काढली आणि पोटातलं सगळं माझ्या अंगावर ओकलं. वास कसा होता ते सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. पण त्या वासानं मी भानावर आलो.

घरटं होतं. एक. वापरातलं. आता फक्त दोराला एक हिसका द्यायचा होता.

माझा हात दोरावर होता.

हिसका दिला तर लुमाला कळेल, एक आहे. म्हणजे रस्ता गेला, खिंडीतून, आठ किलोमीटर लांब, कधी होईल देव जाणे. आणि दोराचं वरचं टोक त्याच्या हातात. आत्ताच तो दगड टाकून चुकला होता, दोर सोडून चुकला होता. हिसका नाही दिला तर त्याला कळेल, एकही नाही. त्याला रस्ता मिळेल, मला कोर्ट. कोर्टात निदान जमीन असते.

वरून सावली आली. पिल्लाची आई. पंख मिटून ती पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उतरली, त्या पंखांचा वारा मला लागला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पिल्लाकडे बघितलं, मग दरीकडे, आणि तशीच उभी राहिली. मी जाण्याची वाट बघत.

मी दोरावरचा हात काढून घेतला.

माझ्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप तीच. तोंड न उघडता मारलेली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी सांगेन तेवढा तुम्ही निम्मा करा. मग दोर वर जायला लागला. आधीसारखा एकसारखा नाही, धक्क्याधक्क्यानं. एक हात वर, थांबा. अर्धा हात वर, थांबा. पोट सुटलेला भाग संपल्यावर मी बोटं आणि नखं रोवत चढायला लागलो. ह्या माणसाला मला पुरतं वर आणायचंय की अर्ध्यावरून सोडायचंय, हे प्रत्येक वावाला मी स्वतःला विचारत होतो.

डोकं कड्यावर आलं. बघतो तर वर कोणी नाही. ओढायचे चौघं नाहीत, साहेब नाहीत, बाई नाहीत. साहेबांचा एक बूट तेवढा पडला होता.

जांभळीला पाठ लावून लुमा बसला होता. दोर कमरेला तीन वेढे, पाय दगडाला रोवलेले. चेहरा नव्हताच. डोळ्यांच्या जागी दोन फटी, ओठ वांग्याएवढे, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या. मानेवर, हातांवर, बोटांवर मधमाश्यांचे काटे. काही माश्या अजून त्याच्या केसांत वळवळत होत्या. दोर त्यानं दोन्ही मुठींत धरला होता. त्या मुठी नंतर आम्ही एकेक बोट करून उघडल्या.

झालं होतं असं. साहेबांना कड्याची खोली मोजायची हुक्की आली. त्यांनी एक दगड लोटला आणि घड्याळात बघत उभे राहिले. दगड नाकाडावर आपटला, पलीकडचं मोहोळ उठलं आणि सगळं वर आलं; मी कड्याच्या पोटाखाली आडोशाला होतो म्हणून वाचलो. चौघांनी दोर टाकला आणि पळाले. साहेब पळाले, बाईंना कोणीतरी ओढत नेलं. दोर पुरुषभर घसरला तेव्हा लुमानं तो अंगाला गुंडाळून घेतला आणि खाली बसला. एक हात मोकळा करून तोंडावरच्या माश्या झटकाव्यात, तेवढंही त्यानं केलं नाही. दोराची थरथर म्हणजे तो.

मी काही बोलायच्या आत झाडीतून माणसं परत यायला लागली. टॉवेल डोक्यावर घेतलेले, एका पायात बूट घातलेले साहेब. बाईंच्या कपाळावर टेंगूळ.

“काय रे,” साहेब लांबूनच ओरडले, “किती हिसके आले?”

लुमानं मान वळवली. कुठं वळवायची तेही त्याला दिसत नव्हतं. सुजलेल्या ओठांतून शब्द बाहेर यायला वेळ लागला.

“येक,” तो म्हणाला.

“नक्की?”

“माज्या हातानं मोजला. येक.”

बाई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. साहेबांनी घड्याळात बघितलं, कशाला कोण जाणे. कोणीतरी म्हणालं, लुमा म्हणतोय म्हणजे आहे. मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

संध्याकाळी चांगुणा आमच्या ओट्यावर त्याच्या अंगातले काटे काढत होती. त्यानं आमच्या घरचं पाणी मागून घेतलं होतं. मी समोर बसलो.

“लुमा, मी हिसका दिला नव्हता.”

“ठावं हाये.”

“मग?”

“ताईच्या दारात पोलिस आल्यालं मला बघवलं नसतं.” मग तो म्हणाला, “मी पैल्यांदाच खोटं बोललो. सोपं अस्तंय की दाजी. उगाच घाबरत हुतो.”

“लुमा, ऐक. खरंच होतं तिथं. एक पिल्लू होतं. त्याची आई आली होती. मी घाबरून हिसका दिला नाही. मला वाटलं, तू दोर सोडशील.”

चांगुणेचा हात थांबला. लुमाच्या सुजलेल्या तोंडावर काहीतरी हललं. तो हसत होता. हौसा गेल्यापासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं.

“थाप बरी हाये,” तो म्हणाला. “पन आता कशापायी?”

रस्ता खिंडीतून गेला. त्याला पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत डोली सहा वेळा खाली गेली, पाच माणसं परत आली. सहावी म्हाताऱ्या धोंडूची नात होती. त्या घरावरून जाताना मी आजही गोष्ट सांगत नाही. दुसऱ्या वर्षी बाईंनी पुण्याहून दोरवाली पोरं आणली, त्यांना पट्ट्यावर दोन घरटी सापडली. मी पळत लुमाकडे गेलो. “मागनं आली असतील,” लुमा म्हणाला आणि ढोरं सोडायला गेला. पुढच्या वर्षी तीन झाली, तेव्हाही तो तेच म्हणाला. कड्यावर दोर धरायला मात्र तो पुन्हा कधी बसला नाही. खोटं मोजलेल्या हातात दोर द्यायचा नसतो, म्हणाला.

गेल्या पौषात त्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्याची जीप दारापर्यंत आली. आम्ही त्याला मागे झोपवलं आणि मी त्याच्या उशाशी बसलो. खिंडीचा रस्ता लांब आहे, आठ किलोमीटर जास्तीचे. चढावर जीप हळू झाली तेव्हा मागच्या काचेतून घारकडा दिसला आणि त्याच्यावर फिरणारी गिधाडं. उन्हात पंख पसरून, न हलवता.

“लुमा,” मी म्हणालो, “ते बघ. त्यातलं एखादं तेच असेल. माझ्या अंगावर ओकलं होतं ते. तू खोटं बोलला नव्हतास रे. खरंच एक होतं. तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगतो.”

त्यानं काचेतून बराच वेळ बघितलं. मग माझा हात धरला. त्याच्या बोटांत अजून जोर होता.

“दाजी,” तो म्हणाला, “जलमभर तुम्ही थापा मारल्या, म्या कंदी आडवलं का?”

“नाही.”

“मंग माजी येकच हाये. ताईसाठी मारल्याली. तिला खरी करू नगा.”